मे महिन्याचं बाळ आणि नागपूरचं ऊन

प्रश्न विचारणाऱ्या ताई मानेवाड्याला राहतात. पहिलंच बाळंतपण, तारीख मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली. घर तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. जावेचं बाळ जानेवारीतलं आणि ते फार शांत होतं. त्यामुळे आता घरात जो तो म्हणतो की उन्हाळ्यातलं लेकरू किरकिरं निघतं, आईचेही हाल होतात. सासूबाईंनी टोपडी, कुंच्या, जाड दुपटी आणि शेगडी आतापासून काढून ठेवली आहे. ताईंचा प्रश्न असा: ऋतूने खरंच एवढा फरक पडतो का, आणि पडत असेल तर तयारी काय करायची?

ताई, मी गेली अठ्ठावीस वर्षं नागपुरात नवजात बाळांवर उपचार करते. फरक पडतो, हे आधीच सांगते. बाळाचा स्वभाव ऋतूवर ठरत नाही, पण घरच्यांनी काय काय सांभाळायचं ते ठरतं. आणि ऋतूमुळे आजारी पडून माझ्याकडे आलेली बहुतेक बाळं एकाच कारणाने आलेली असतात: एका ऋतूची रीत दुसऱ्या ऋतूत वापरली गेली. डिसेंबरची कुंची मे महिन्यात घातली, किंवा मे महिन्याचा कूलर ऑगस्टमध्ये तसाच पाणी भरून ठेवला.

जावेच्या बाळाबद्दल आधी बोलते, कारण ती तुलना तुमच्या मनाला फार लागलेली दिसते. नवजात बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. हे जानेवारीतही होतं आणि मे महिन्यातही. तुमच्या बाळाचा सहावा आठवडा जूनच्या शेवटी येईल, म्हणजे नेमका पहिल्या पावसानंतरच्या घामट, चिकट दिवसांत. तेव्हा कोणी म्हणालं की "बघ, उन्हाळ्याचं लेकरू आहे, रडून राहिलं", तर एवढं लक्षात ठेवा की ते सहा आठवड्यांचं आहे म्हणून रडतंय.

आता आपल्या गावाच्या हवेचं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. एकाच शहरात ४४ अंशांचा फरक. पुण्या-मुंबईकडे लिहिलेली बाळसंगोपनाची पुस्तकं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत ती यामुळे.

नऊ महिने बाळ ३७ अंशांच्या आसपासच्या उबेत राहिलेलं असतं. बाहेर आल्यावर त्याला थंडीत कुडकुडून उब तयार करता येत नाही. मानेजवळ, खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती असलेली खास चरबी जाळूनच ते स्वतःला गरम ठेवतं, आणि ती चरबी थोडीच असते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठ्या माणसाच्या अडीच-तीनपट असतो, म्हणून उष्णता जातेही भरभर आणि शिरतेही भरभर. घाम येतो, पण आपल्यासारखा नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला तर जवळजवळ येतच नाही. आणि पांघरूण लाथेने झुगारून द्यायची ताकद तर त्याला मिळायला अजून कित्येक महिने असतात. बाळाला उबेचं किंवा गारव्याचं जे मिळतं ते आपल्या हातून मिळतं.

आपल्याकडची बाळंतपणाची रीत, म्हणजे बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानाला फडकं, बंद खोली, ही थंडीच्या आणि ओलीच्या भीतीतून आलेली आहे. मातीची घरं, वाऱ्याला वाट देणारी दारं, सारवलेली जमीन, कमी वजनाची बाळं. त्या काळी बाळ गार पडून दगावत असे आणि ती भीती खरी होती. म्हणून सासूबाईंवर रागावू नका. त्यांनी काढून ठेवलेल्या सामानातलं बरंचसं सात महिन्यांनी कामाला येईल.

मे महिन्यात सगळ्यात जास्त कोणता प्रकार बघते तो सविस्तर सांगते, कारण तुम्हाला तोच टाळायचा आहे.

सीझर झालेली बाई. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुट्टी होते. दूध अजून नीट उतरलेलं नसतं. सीझरनंतर ते एखादा दिवस उशिरा येऊ शकतं. घरी आल्यावर बाळंतिणीची खोली म्हणून आतली, खिडकी बंद असलेली खोली दिलेली असते, कारण कूलरची हवा बाळाला "लागेल". बाळाला झबलं, टोपडं, मोजे आणि वर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. बाईला पाणी कमी द्यायचं, नाहीतर "पोट सुटतं". मग पहाटे बाळ तापतं. १०१ ताप. आजी सांगते की रात्री रडलं, आता दमून झोपलंय. मी विचारते, शू कधी केली? कोणालाच आठवत नाही. लंगोटावर विटकरी रंगाचा डाग असतो, घरचे त्याला रक्त समजून घाबरलेले असतात. वजन करून बघावं तर जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलेलं.

पहिल्या आठवड्यात सात-आठ टक्के वजन उतरणं नेहमीचं आहे. दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघतं. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं आणि रक्तातलं मीठ वाढू लागलं असं समजायचं. अशा बाळाचा ताप कधी निव्वळ पाणी कमी पडल्याचा असतो, कधी जंतुसंसर्गाचा. बाहेरून बघून दोन्ही सारखेच दिसतात, रक्त तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी क्रोसिनचे थेंब देऊन वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघायचं.

या सगळ्या साखळीत ऊन हे एकच कारण नाही. ऊन, बंद खोली, जास्तीचे कपडे, तहानलेली आई आणि स्तन नीट न धरणारं बाळ, ही पाचही एकत्र आली की चौथ्या दिवशी हे घडतं. ऊन तुमच्या हातात नाही, बाकीच्या चार गोष्टी आहेत.

खोलीपासून सुरू करते. तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीनंतरही खाली उष्णता सोडत राहतो. हात वर करून छताला लावून बघा, कळेल. शक्य असेल तर पहिला महिना-दीड महिना खालच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे किंवा माहेरी राहा. शक्य नसेल तर गच्चीवर एप्रिलमध्येच चुन्याचा पांढरा हात मारून घ्या आणि पश्चिमेची खोली सोडून पूर्वेची किंवा उत्तरेची घ्या. खोलीत एक साधं भिंतीवरचं तापमापक टांगा. नवजात बाळाला २५ ते २८ अंश चांगले मानवतात. कूलरवर ३० पर्यंत राहिलं तरी एका पातळ सुती झबल्यात बाळ बरं असतं.

कूलर चालतो. एसीही चालतो. हे मी इतक्या वेळा सांगते की आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरना पाठ झालंय. कूलरचा झोत सरळ बाळावर नको, एवढंच. तो भिंतीकडे वळवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर खोली गार न करता नुसती दमट करतो. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, टाकी घासून, कोरडी करून मगच परत भरा. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या दर वर्षी नव्या घ्या, जुन्यांमध्ये बुरशी बसलेली असते. आणि कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना प्लग काढायचा, ओल्या पायाने हात लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. एसी असेल तर २६ ते २८ वर ठेवा, त्याहून खाली नको.

कपड्यांचा हिशोब सोपा आहे. घरात तुम्हाला एका सुती कपड्यात बरं वाटत असेल तर बाळालाही एकच पातळ झबलं आणि लंगोट. थंडीत आपल्यापेक्षा एक थर जास्त. उन्हाळ्यात कूलर बंद असलेल्या खोलीत टोपडं नको. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि उष्णता बाहेर टाकायला त्याला तेच उपयोगी पडतं. एसीच्या खोलीत पहिले काही दिवस पातळ टोपडं चालेल.

बाळाला गरम होतंय की गार, हे हातानेही कळतं. हाताचा मागचा भाग आधी पोटाला लावायचा, मग तळपायाला. दोन्ही कोमट आणि पाय गुलाबी, तर बाळ मजेत आहे. पोट कोमट पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच दवाखान्यात या. दोन्ही गरम लागले तर कपडे काढा, गार खोलीत न्या, अंगावर दूध पाजा आणि पंधरा-वीस मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावा. ३६.५ ते ३७.५ अंश हे नेहमीचं. तेवढ्या वेळात उतरलं तर खोलीची उष्णता होती. उतरलं नाही तर ताप समजायचा. डिजिटल थर्मामीटर स्वस्त मिळतो. बारशाला चांदीचा वाळा आणणाऱ्या आत्याला तो आधी आणायला सांगा.

पाण्याबद्दल मी कोणाचंच ऐकून घेत नाही. सहा महिने बाळाला वरचं पाणी नाही, नवतपात म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतही नाही. आईच्या दुधात साधारण ८८ टक्के पाणीच असतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध तर पातळ असतं, ती बाळाची तहान भागवण्याचीच सोय आहे. चमचाभर पाण्याने इवलंसं पोट भरतं, मग बाळ तेवढं दूध कमी ओढतं आणि जितकं कमी ओढेल तितकं पुढच्या वेळी कमी येतं. शिवाय त्या चमच्याबरोबर जंतू जातात. मध नको, घुटी नको, ग्लुकोजचं पाणी नको. उन्हाळ्यात दिवसाला आठ ते बाराऐवजी बाळाने चौदा वेळा मागितलं तरी प्रत्येक वेळी घ्या. ते थोडं थोडं आणि सारखं मागेल.

पाणी लागतं ते आईला. दर पाजणीला एक ग्लास, हा माझा नियम. ताक, पन्हं, ज्वारीची आंबील, साधं माठातलं पाणी, काहीही. माठाच्या पाण्याने दूध "थंड" होत नाही. दूध तुमच्या शरीराच्या तापमानाचंच येतं. मे महिन्यात मी अशा बाया बघितल्या आहेत ज्यांना बंद खोलीत दिवसाला चार ग्लास पाणी मिळत होतं, आणि नंतर त्यांनाच ऐकवलं जात होतं की "हिला दूधच नाही". हे ऐकून ती पोरगी रडते आणि आणखी खचते. डिंकाचे, मेथीचे लाडू खायचे असतील तर खा, पण भूक नसताना रोज दोन खाल्लेच पाहिजेत असं काही नाही.

पुरेसं मिळतंय की नाही, हे लघवीवरून समजतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची. म्हणून मे महिन्यात निदान दिवसा तरी डायपरऐवजी सुती लंगोट वापरा. डायपरमध्ये मोजता येत नाही, आणि घामोळ्याही वाढतात. घामोळ्यांवर पावडर नको. तिचे कण श्वासाबरोबर आत जातात. दिवसातून दोनदा साध्या पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्याने अंग टिपून घ्या, मान आणि काखेच्या घड्या कोरड्या करा. नाळ पडेपर्यंत असंच पुसणं बरं. नाळेला हळद, तेल, कुंकू काहीही नाही.

वीज गेली तर? उन्हाळ्यात हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते. बाळाला लंगोटावर ठेवायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, ओलं फडकं अंगावरून फिरवायचं, हातपंख्याने वारा घालायचा, पाजत राहायचं. तास-दीड तासात आली नाही तर खालच्या मजल्यावर जायचं. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, मध्यरात्री दार वाजवायला संकोच वाटणार नाही.

कावीळ. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ती वाढते, आणि दूध कमी पडलेल्या बाळांमध्ये जास्त, म्हणून उन्हाळ्यात आम्हाला ती अधिक त्रास देते. बाळाला उन्हात धरून कावीळ जात नाही. मे महिन्यात सकाळी आठचं ऊनही बाळाच्या कातडीला भाजतं आणि पाणी उडवतं. पिवळेपणा पोटाच्या खाली, तळहाता-तळपायांपर्यंत पोहोचलेला दिसला तर त्याच दिवशी तपासून घ्या. हाडांसाठी ऊन हवं म्हणाल, तर त्यासाठी ड जीवनसत्त्वाचे थेंब आहेत. रोज ४०० युनिट, पहिलं वर्षभर, ऋतू कोणताही असो.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं झालं तर एक वेगळं काम. त्याला छातीशी, कातडीला कातडी लावून, दिवसातले जास्तीत जास्त तास धरायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये इनक्युबेटर अपुरे पडले म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात असं दिसलं की जन्मल्यावर लगेच सुरू केलं तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने घटतात. "एवढ्या उन्हात छातीशी?" असं विचारलं जातं. हो, गार खोलीत. आई दमली की बाळाच्या बापाने धरायचं, आजीनेही. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये ते काम जगासमोर आलं. त्यात जंतुसंसर्गावरच्या वेळेवर उपचारांबरोबरच ऊब, दूध आणि स्वच्छता यांचा मोठा वाटा होता. आज वस्तीतली आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ती त्याच कामाची पुढची पायरी आहे. ती आली की वजन करून घ्या, दारातून परत पाठवू नका.

आता बाकीचे दोन ऋतू, कारण मे महिन्यात जन्मलेलं बाळ मे महिन्यातच राहत नाही. हे सगळे विसरतात.

पाऊस लागेल तेव्हा तुमचं बाळ साधारण पाच-सहा आठवड्यांचं असेल. पहिल्या पावसानंतर दमट हवेत कूलर काम करेनासा होतो, तो बंद करून लोक विसरतात, आणि तळाशी राहिलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कूलर बंद केला त्याच दिवशी टाकी पालथी करा. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी. अगरबत्ती, कॉइल बाळाच्या खोलीत नको. लंगोट वाळत नाहीत तेव्हा डायपर खुशाल वापरा, तीन-चार तासांनी बदला. ओलसर लंगोट बाळाच्या खोलीत दोरीवर टाकू नका, खोलीची ओल वाढते. इस्त्री फिरवून घातले तर उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यांच्या तारखा आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा: प्रसूतीच्या आधीच्या आठवडाभरात ताप आला असेल तर तो आपल्या डॉक्टरांना आणि बाळाच्या डॉक्टरांनाही सांगायचाच. आईचा डेंग्यू बाळात उतरू शकतो.

डिसेंबरमध्ये ते सात महिन्यांचं असेल. सासूबाईंची कुंची तेव्हा काढा, पण ट्रंकेत डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर सगळे कपडे धुऊन, दोन दिवस उन्हात टाकूनच घाला. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं. डांबरगोळ्यांच्या वासानेही त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकदम चढते. थंडीत जन्मलेल्या, चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक पिवळ्या झालेल्या बाळाच्या घरच्यांना मी पहिला प्रश्न कपड्यांच्या पेटीचा विचारते.

ज्यांचं बाळ थंडीतच जन्मतं त्यांच्यासाठी दोन शब्द. नागपूरच्या थंडीची गंमत अशी की पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी अठ्ठावीस. पहाटे चढवलेले चार थर दुपारी उतरवायला हवेत, नाहीतर डिसेंबरमध्येही घामोळ्या घेऊन बाळं येतात. अंघोळ दुपारी बारा-एकला, पाच मिनिटांत, दार लावून, आणि पहिल्या चोवीस तासांत अंघोळच नाही. तीळ, जवस, खोबरं यावर घराघरांत वाद होतात. मी खोबरेल सांगते. चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा. मोहरीचं तेल नको, त्याने बाळाची कातडी बिघडते. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब. कापराची पुरचुंडी बाळाच्या जवळ बांधू नका, कापराने बाळाला झटके येऊ शकतात. रात्री आई-बापाच्या मधे, जड रजईखाली बाळ नको. त्याचं वेगळं अंथरूण, तोंड उघडं, पाठीवर झोपलेलं.

आणि शेगडी. कोळशाची शेगडी बंद खोलीत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस झोपेतच जातो. शेक घ्यायचाच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, बाई जागी असताना, आणि बाळ खोलीबाहेर असताना. निखाऱ्यांवर ओव्याची धुरी हा बाळाच्या फुप्फुसांसाठी निव्वळ धूर आहे. ताई, सासूबाईंची शेगडी हीच एक वस्तू मी कोणत्याच ऋतूत मान्य करत नाही.

थंडीतल्या बाळंतिणींची एक तक्रार मला फार लागते. कळमेश्वर-काटोलकडची संत्री गल्लोगल्ली हातगाड्यांवर, घरात टोपलीभर, आणि तिला म्हणतात, आंबट खाऊ नको, बाळाला सर्दी होईल. संत्र्याने बाळाला सर्दी होत नाही. सर्दी होते ती बारशाला आलेल्या, खोकत बाळाचा पापा घेणाऱ्या पाहुण्यामुळे. पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंत लहान बाळांच्या छातीत उतरणारे विषाणू फिरत असतात. मोठ्यांना साधं नाक गळतं, दीड महिन्याच्या बाळाला ऑक्सिजन लागतो. म्हणून हात धुतल्याशिवाय बाळ कोणाच्याही हाती नाही, खोकणारा कितीही जवळचा असला तरी दारातून बघेल. फ्लूची लस बाळाला सहा महिन्यांनंतरच देता येते. गरोदरपणात आईने घेतली तर तिची प्रतिकारशक्ती बाळाला मिळते, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून तुमची आणि तुमच्या नवऱ्याची तपासणी झालेली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. बाळाला पहिल्या काही महिन्यांत त्रास दिसत नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन तेवढा काळ सांभाळून घेतं. पण ज्या आईला स्वतःला सिकलसेलचा आजार आहे तिला थंडी आणि तहान दोन्हींनी वेदनेचे झटके येतात. अशा बाईला मे महिन्यात पाणी कमी देणं फार धोक्याचं आहे.

प्रश्नात तुम्ही शेवटी हळूच विचारलंय की मुहूर्त बघून आठ-दहा दिवस आधी सीझर केलं तर उन्हाचा कडाका चुकेल का. डिसेंबरमध्ये असंच विचारणारे आई-बाप येतात, शाळाप्रवेशाची ३१ डिसेंबरची तारीख गाठायची असते. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ काढायचं नाही. ३७ व्या आठवड्यातलं बाळ दिसायला पूर्ण दिसतं, पण नीट ओढत नाही, लवकर गार पडतं, श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त. ४५ अंशांतलं पूर्ण दिवसांचं बाळ मी निश्चिंत मनाने घरी पाठवते.

एक गोष्ट तुमच्या मनाची. मे महिन्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा आपल्या शहरात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तुम्ही पडदे ओढलेल्या खोलीत, कूलरच्या आवाजात, एकट्या. चौथ्या-पाचव्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेक बायांना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे टिकलं, झोप उडाली, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर नवऱ्याला सांगा आणि आमच्याकडे या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर रोज अर्धा तास गच्चीवर किंवा अंगणात जाऊन बसा. "सव्वा महिना बाहेर नाही" हे बाजूला ठेवा.

घरात सगळ्यांना हे पाठ असू द्या: बाळ दूध ओढेना, अंग गार किंवा तापलेलं, श्वास मिनिटाला साठच्या वर, छाती आत खेचली जातेय, झटका आला, हलवल्याशिवाय हलत नाही, आठ तासांत लघवी नाही. यातलं एकही दिसलं की १०८ ला फोन. डागा, मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांत एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर उपचार मोफत होतात, पैशांसाठी थांबू नका. जाताना बाळ छातीशी धरून पाजत न्या.

आणि सुट्टीचा दिवस. दवाखान्यात बिल होता होता दुपारचा एक-दीड वाजतो, आणि घरचे ऑटो घेऊन दारात उभे असतात. त्या वेळी निघू नका. सिस्टरना विनंती करा, संध्याकाळपर्यंत थांबू द्या म्हणा, बहुतेक ठिकाणी ऐकतात. मे महिन्यात इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्यानंतर निघा. निघण्याआधी बाळाला पोटभर पाजा, नवऱ्याला पुढे पाठवून कूलर तासभर आधी सुरू करायला सांगा, आणि बाळाला एका पातळ झबल्यात, तोंड उघडं ठेवून घरी आणा.